चौथ्यात उघडलं

केजच्या तहसीलसमोर अर्ज टाइप करणारा एक माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. वीसेक वर्षं कॉम्प्युटरवर बसलाय, पण एकाच सॉफ्टवेअरवर त्याचा जीव कधी जडला नाही. मराठी लिहायची चार तरी ठेवलेली असतात. नवीन काही आलं की त्यात आधी 'बाळकृष्ण' टाइप करतो. 'ळ' बिघडला किंवा 'ष्ण' फुटला की पडद्याकडे बघून ओरडतो, "चल, नीघ बे!"

परवा मुलीच्या दाखल्याचा अर्ज द्यायचा शेवटचा दिवस होता. शाळेतल्या जुन्या फॉन्टात लिहिलेला अर्ज मी पेनड्राइव्हवर नेला. ह्यानं पहिल्या सॉफ्टवेअरात उघडला, तर नुसते कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरं! मी घड्याळाकडे बघायला लागलो. ह्याला मात्र चेव चढला.

"थांबा गुरुजी, आता कुस्त्या लावू!"

दुसऱ्यात टिंबं वाढली. तिसरं उघडता उघडता बंद पडलं. चौथं सगळ्यांत जुनाट, पण त्यात माझं आडनाव 'ळ'सकट अवतरलं! तो खुर्चीवरून उडालाच. रांगेतल्या माणसांना हाताला धरून पडदा दाखवू लागला. मीही भान विसरून टाळ्या वाजवल्या.

त्याच भरात म्हणालो, "मग हेच ठेवा की! बाकीची तीन काढून टाका."

त्यानं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. कॉम्प्युटरकडे चोरून बघत कानात कुजबुजला,

"हळू बोला, गुरुजी. एकटंच ऱ्हाणार हाय म्हणून कळलं, तर लई माजंल ते."