आमच्या ओट्याचा कठडा

गिरणीत दळणाला नंबर लावून बसलं की बायकांना बोलायला काहीतरी लागतं. कुणी नवऱ्याचं काढतं, कुणी सासूचं. मी ओट्याचं काढते. मी काही ठरवून या गोष्टी गोळा केल्या नाहीत. घर बांधायला घेतलं आणि त्या साचत गेल्या, गळक्या नळाखाली पाणी साचतं तशा.

आमचं घर मखमलाबादच्या पुढं, रस्त्याला लागून. द्राक्षाच्या दिवसांत दारावरून क्रेट भरलेल्या पिकअप सारख्या पळतात. घरात आबा, म्हणजे माझे सासरे. आत्याबाई, सासू. नणंद शीतल. आमचे हे, सातपूरला कंपनीत. मी, आणि माझी इशू, तेव्हा नुकती चालायला लागलेली. भिंतीला भिंत लावून आबांचे धाकटे भाऊ, नाना, आणि त्यांची बायको नानी. दोघा भावांनी जुनं पाडून एकाच वर्षी घरं बांधली.

नकाशात पुढच्या जागेला व्हरांडा लिहिलं होतं. आम्ही ओटाच म्हणतो. खांब कसे, रंग कसला, मला काही घेणं नव्हतं. ओट्याला कठडा पाहिजे, पोर खाली पडायला नको, एवढंच माझं म्हणणं होतं.

*

नानांचा ओटा आधी झाला. तीन पायऱ्या. आबा संध्याकाळी जाऊन हात लावून बघून आले आणि मिस्त्रीला म्हणाले, "आपल्याला चार."

आपल्या चार झाल्या तर नानांनी त्यांच्या ओट्यावर मुरूम टाकला, वर नवी फरशी बसवली आणि खाली एक पायरी वाढवली. आबांनी आमचं काम थांबवलं.

मिस्त्री म्हणाला, "आबा, अजून वर जायचं असंल तर आत्ताच सांगा. खाली एक दुकान काढून देतो."

आबा हसले नाहीत. "पाच," म्हणाले.

ओटा माझ्या कमरेला लागला. आत्याबाईंचे गुडघे आधीच गेलेले. त्या पहिल्या दिवशी कशाबशा वर चढल्या, भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, "आता मला खाली न्यायचं ते खांद्यावरच न्या."

सगळे हसले. मी ओट्याच्या कडेकडं बघत होते.

*

फरशी ह्यांनी निवडली. मोबाईलवर कुणाचा तरी बंगला बघितला होता. तोंड दिसेल इतकी चकचकीत फरशी. मी म्हटलं, "खडबडीत घ्या. पाणी सांडतं, पोर पळतं."

"तू संडासाची फरशी सांगतेस," हे म्हणाले.

शीतलला बघायला मनमाडची मंडळी आली. मुलगा रेल्वेत. आत्याबाईंनी सकाळपासून ओटा दोनदा पुसून घेतला, माझ्याकडूनच. मुलाच्या आई दम खात खात पायऱ्या चढल्या, चप्पल काढली, वर पाय ठेवला आणि सरळ बसल्या. बसायचा त्यांचा विचार नव्हता.

मग आबांची धावपळ, ह्यांची धावपळ, शीतल आत पोह्याची बशी घेऊन तशीच उभी. बाईंच्या कमरेला तेल लावून झालं, चहा झाला. जाताना त्या भिंत धरून एकेक पायरी उतरल्या आणि खालून आत्याबाईंना म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे. ओटा नाही."

लग्न ठरलं. पाहुणे यायचे असले की आता आम्ही ओट्यावर सतरंजी टाकतो. पाहुणे गेले की घडी करून आत ठेवतो. इशू घरचीच, तिला कशाला सतरंजी?

*

कठड्याचं मी जेवताना काढलं. सगळे एका जागी सापडतात म्हणून.

आबा म्हणाले, "कठडा लावल्यावर मी पाय कुठं सोडू?"

आत्याबाई म्हणाल्या, "कुरडयांवर सावली पडंल."

शीतल म्हणाली, "वहिनी, फोटोत जेलसारखं दिसतं गं."

हे म्हणाले, "बघू."

"पोर पडेल," मी म्हटलं.

"आमी नाय का वाढलो ओट्यावर? एक तरी पडलं का?"

"तेव्हाचा ओटा वीतभर होता, आबा."

आबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "तू सातवी शिकली ना? मंग इंजिनिअरला शिकवू नको."

आमच्या बांधकामावर इंजिनिअर कुणीच नव्हता. मिस्त्री होता, त्यानं चौथीत शाळा सोडली होती. पण मी भाजी वाढली.

*

मग मी माझी एक जुनी साडी घेतली आणि या खांबापासून त्या खांबाला ताणून बांधली. निदान हात लागला तर पोर अडेल.

दुपारी नानी त्यांच्या ओट्यावरून म्हणाली, "काय गं, तमाशाचा फड लागला का? तिकीट कुठं मिळतं?"

आबांना ते ऐकू गेलं. साडी पाच मिनिटांत खाली.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वयंपाक करताना ओढणीचं एक टोक इशूच्या कमरेला आणि दुसरं दाराच्या कडीला बांधायला लागले. ओट्याच्या कडेपर्यंत पोचणार नाही, एवढीच ढील. शीतलनं त्याचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. कुणीतरी तो नामपूरला माझ्या आईलाही दाखवला. आईचा फोन आला, तिच्या अहिराणी वळणात.

"पोर शे का बकरी?"

मी म्हटलं, "बकरीला बांधलं तर कुणी व्हिडिओ काढत नाही, आई."

ती म्हणाली, "गाठ पक्की मारत जाय."

*

गाठ मी पक्कीच मारत होते. त्या दिवशी ती आबांनी सोडली. त्यांच्याकडं कुणी ओळखीचे बसायला आले होते. लेकरू बांधलेलं दिसलं तर काय म्हणतील. "सोड तिला, मी हाय ना इथं," म्हणाले, आणि स्वतःच सोडली. मी आत भाकरी थापत होते.

मला पडल्याचा आवाज आला नाही, आबांचा आवाज बंद झालेला कळला. ते फोनवर मोठ्यानं कुणाला तरी भाव विचारत होते आणि मध्येच थांबले.

इशूचं कपाळ खालच्या पायरीच्या कोपऱ्याला लागलं होतं. दवाखान्यात टाके घालताना मी तिचे हात धरले होते. माझ्या हाताचं पीठ तिच्या हातांना लागलेलं, तिचं रक्त माझ्या पदराला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कशी पडली?"

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "आईचं लक्ष नव्हतं."

"ओट्याला कठडा नाही का?"

"करायचाय," आबा म्हणाले. तोंडावरची रेषही हलली नाही.

संध्याकाळी गल्लीतली माणसं बघायला आली. सगळी ओट्यावर बसली, पाय खाली सोडून. आजकालच्या आयांचं पोरांकडं कसं लक्ष नसतं, मोबाईलमुळं कसं वाटोळं झालं, यावर चांगलं तासभर चाललं. मी सगळ्यांना चहा दिला. दोघांनी बिनसाखरेचा मागितला, तोही वेगळा करून दिला.

*

त्यानंतर मला झोप लागेना. दिवसासुद्धा भांडं पडलं की मी आधी ओट्याकडं धावायची. सांगून होत नाही, रडून होत नाही, रक्त निघून झालं नाही. मग मी एक काम केलं.

गिरणीत नानी माझ्यापुढं नंबरला होती. मी आवाज बारीक केला. "नानी, कुणाला सांगू नका हं. आबा ओट्याला स्टीलचा कठडा लावणारेत. लय भारी. गल्लीत कुणाकडं नाही असा."

नानीनं दळण तिथंच सोडलं. घरी जाऊन येते म्हणाली.

आठवडाही झाला नसेल, नानांच्या दारात वेल्डिंगवाला उभा. नानांच्या घरी लहान पोर नाही. मुलगा पुण्याला, त्याचं लग्नसुद्धा व्हायचंय. पण कठडा झाला, उभ्या पाईपचा, आणि नाना त्याच्यामागं खुर्ची टाकून बसले.

आबा दिवसभर आमच्या ओट्यावरून बघत होते. चहा नको म्हणाले, पान नको म्हणाले. दिवेलागणीला आत आले आणि ह्यांना म्हणाले, "त्या वेल्डिंगवाल्याचा नंबर हाय का कुणाकडं?"

"माझ्याकडं आहे," मी म्हटलं. कधीचा होता.

मग मी आत गेले आणि घासलेलंच पातेलं परत घासत बसले.

*

वेल्डिंगवाला माप घ्यायला आला. टेप धरून म्हणाला, "आबा, पाईप उभे टाकू का आडवे?"

मी दारातूनच म्हटलं, "उभे टाका. जवळ जवळ."

आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "नानाचे कसे हायत?"

"उभे."

"मंग आपले आडवे."

"आबा, आडवे नको ना," मी म्हटलं. "पोर आहे..."

"कठडा पाहिजे होता ना तुला? आता देतोय तर त्यातबी खोट?"

ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "करू दे ना गं. मोठी माणसं आहेत."

कठडा बसला. तीन पाईप आडवे, नानांच्या कठड्यापेक्षा वीतभर उंच, उन्हात डोळे दिपतील असा. आबांनी नारळ फोडला, पेढे वाटले. सगळी गल्ली ओट्यावर आली. मनमाडचे व्याहीसुद्धा आले, त्यांना खुर्च्या दिल्या. रस्त्यावरून पिकअप चालल्याच होत्या.

मी आतून चहाचा ट्रे घेऊन आले तर माझ्या आणि कठड्याच्या मध्ये माणसंच माणसं. त्यांच्या पलीकडं इशूनं खालच्या पाईपवर पाय ठेवला होता. मग दुसऱ्यावर. वरचा पाईप तिच्या छातीशी आला.

"इशू," मी हाक मारली. कुणीतरी माझ्या हातातला कप उचलून घेतला आणि म्हणालं, "साखर बरोबर आहे."

आबा टाळ्या वाजवत होते.

"चढ, माझी वाघीण, चढ. अजून एकच राहिला."