नाल्याच्या व्हॉल्व्हची तीन चाकं

ती घटना आठवली की आजही मी एकटाच हसत बसतो. मग आमची सौ. स्वयंपाकघरातून विचारते, "चाकं आठवली वाटतं?"

तेव्हा मी हडपसरच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. एका सोमवारी सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात एका कारखान्याचे कार्यकारी संचालक आले. धातूच्या भागांवर मुलामा चढवण्याचा कारखाना. वडिलांनी स्वतःच्या शेतात काढलेला, मुलाने वाढवलेला. गृहस्थ कर्तबगार, यात वाद नाही. पण समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं नाही हा त्यांचा बाणा. मी 'बसा' म्हणायच्या आत ते बसले, आणि तपास कसा करायचा तेही सांगून मोकळे झाले. म्हटलं, वा, आमचं निम्मं काम वाचलं.

तक्रार चमत्कारिक होती. कारखान्यामागच्या सांडपाण्याच्या नळाला एक व्हॉल्व्ह होता. त्याचं ताटाएवढं लोखंडी चाक कुणीतरी काढून नेलं. नवीन बसवलं, तेही गेलं. तिसरंही गेलं. चाक नाही म्हणजे व्हॉल्व्ह उघडत नाही. साहेबांचा संशय सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाकीवरच्या कामगारावर होता. त्याला त्यांनी निलंबितही केलं होतं. दुपारच्या टपालात एक निनावी चिठ्ठी आली, तिच्यातही त्याचंच नाव. चिठ्ठी इतकी वेळेवर आली की मला चोराआधी तिचाच संशय आला. साहेबांची मर्जी राखायला त्यांच्याच एका मॅनेजरने ती लिहिली होती, हे पुढे कळलं.

कामगाराला ठाण्यात बोलावलं. विदर्भातून आलेला माणूस, अठरा वर्षं त्या टाकीवर. येत्या गुरुवारी संचालक मंडळाची बैठक होती आणि तिच्यात त्याची नोकरी जाणार होती. त्यात चोरीचा गुन्हा नावावर लागला, तर दुसरीकडे कोण उभं करणार? चहा समोर ठेवला आणि विचारलं, चाकं कुठे आहेत.

"साहेब, मले काय करायचं ते चाक?" तो म्हणाला. "पण गेलं ते बरंच झालं. खोटं कायले बोलू?"

चोरी झाल्याचा आनंद चौकशीत कबूल करणारा आरोपी मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ते चाक फिरवलं की पाणी टाकीत न जाता थेट नाल्यात जायचं. टाकी चालवायला वेळ लागतो, माल अडतो, म्हणून साहेब चाक फिरवायला सांगायचे. याने नकार दिला होता. चोर हा नव्हे, एवढं मला तिथेच कळलं. पण मला कळून काय उपयोग, कागदावर यायला हवं.

निलंबन कुणी ठरवलं ते पाहायला मी बैठकांच्या इतिवृत्ताची फाईल मागवली. तीन वर्षांच्या बैठका, आणि प्रत्येक ठरावाखाली एकच शब्द: सर्वानुमते. आमच्या खात्यात एक साधा आडाखा आहे. चार साक्षीदारांचे जबाब शब्दाला शब्द जुळले, की ते एकानेच सांगितले आहेत असं समजायचं. शेवटचं पान बघून तर मी चष्मा पुसला. गुरुवारच्या बैठकीचं इतिवृत्त सोमवारीच टाइप होऊन सहीसकट तयार होतं. 'कामगारास बडतर्फ करणे. सर्वानुमते मंजूर.' कारकुनाला विचारलं, तर तो बिचारा म्हणाला की आमच्याकडे पहिल्यापासून असंच, बैठकीत वेळ जात नाही.

गेटचं रजिस्टर मागवलं. ज्या तीन तारखांना चाकं गेली, त्या तिन्ही दिवशी संचालकांची बैठक होती. रखवालदाराला विचारलं, पिशव्या तपासतोस ना?

"तपासायच्या त्या तपासतो, साहेब."

"आणि न तपासायच्या?"

त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, संचालकांच्या पिशव्यांना हात लावायचा नाही असा हुकूम आहे. संचालक चारच: साहेब, त्यांच्या पत्नी, त्यांचे एक मित्र आणि साहेबांच्या सत्तरीतल्या आत्या. या आत्याबाई बैठक संपली की मागच्या शेवग्याच्या शेंगा काढायला जातात. येताना पिशवी मात्र दोन्ही हातांनी उचलून आणतात.

आत्याबाई गावठाणात राहायच्या. अंगणात पाऊल टाकलं आणि मुद्देमाल समोरच. एका चाकावर पाण्याचा हंडा, दुसऱ्यावर कढीचं गरम पातेलं, तिसरं भिंतीला टेकवलेलं. लपवालपवी नाहीच. त्यांनी मला आधी कढी वाढली, मग जबाब दिला. विहिरीची मोटार त्या तरुणपणापासून खोलत-बसवत आल्या होत्या, त्यामुळे पाना चालवणं हातचा मळ. नाल्याकाठी त्यांचा मेथी-कोथिंबिरीचा तुकडा होता.

"बैठकीत तीन येळा बोलले मी, पानी नाल्यात सोडू नका म्हून," त्या म्हणाल्या. "लिवलं का कुनी? मग म्हनलं, ऱ्हाऊ दे बोलनं. चाकच न्यावं."

त्यापायी एका माणसाची नोकरी जातेय, हे मी सांगितलं आणि बाईंच्या हातातला डाव खाली पडला. हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. चोरीची बातमीसुद्धा नाही. त्यांचे डोळे भरून आले, आणि पदर खोचून त्या चाकं परत न्यायला पिशवी शोधायला उठल्या. मी त्यांना गुरुवारपर्यंत थांबवलं.

गुरुवारी अकरा वाजता मी पंचनाम्याचे कागद घेऊन बैठकीच्या खोलीत हजर झालो. आत्याबाईंनी चकचकीत टेबलावर एकापाठोपाठ एक तिन्ही चाकं ठेवली. साहेबांचा चेहरा लाल झाला, बोलायला तोंड उघडलं, पण आत्याबाईंनी हात वर केला.

"तुझा बाप कारखाना काढताना रोज ताटावर बसला की मला इचारायचा, अक्का, काय वाटतं? तू एकदा तरी इचारलंस का रं?"

मीही शांतपणे सांगितलं की चोरीची नोंद अवश्य घेतो, फक्त चाक कशाचं आणि कशासाठी फिरवलं जायचं, तेही लिहावं लागेल. नाल्याबद्दल प्रदूषणवाल्यांना रीतसर पत्र तर जाणारच आहे. तेवढ्यात साहेबांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, की बडतर्फी त्यांनाही पटलेली नव्हती. मित्र म्हणाले, मलाही. साहेबांनी आश्चर्याने विचारलं, "मग बोलला का नाहीत?" यावर तिघंही हसू लागले, आणि शेवटी साहेबही. मग त्यांनी स्वतः पेन घेऊन 'सर्वानुमते मंजूर' खोडलं आणि वर लिहिलं, 'आत्यांचा विरोध. ठराव रद्द.'

साहेबांनी तक्रार मागे घेतली. कामगार सोमवारी टाकीवर हजर झाला. नोटीस आली, दंड भरला, टाकी दुरुस्त झाली, व्हॉल्व्ह कायमचा बंद केला. वर्षभराने साहेब पेढे घेऊन ठाण्यात आले. बाहेरच्या एका मोठ्या कंपनीने टाकी पाहूनच कारखान्याला काम दिलं होतं. बैठका आता तीन-तीन तास चालतात अशी तक्रारही केली, पण हसत. त्या दिवशी त्यांनी माझी दोन वाक्यं चक्क शेवटपर्यंत ऐकली.

या प्रकरणाने मला आरसा दाखवला. त्या बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी हजेरीला मी विचारलं, माझं काही चुकतं का? एक जुनी महिला हवालदार म्हणाली, "साहेब, तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता." मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण तिचं म्हणणं मी ठाण्याच्या वहीत लिहायला लावलं. माणूस हुशार असला म्हणून संस्था टिकत नाही; त्याला नाही म्हणणारं कुणी लागतं आणि ते लिहून ठेवणारी वही लागते.

मी निवृत्त झालो त्या दिवशी तोच कामगार घरी आला. आत्याबाईंनी जड पिशवी पाठवली होती. वर शेवग्याच्या शेंगा, खाली तिसरं चाक. आमच्या जेवणाच्या टेबलावर आमटीचं पातेलं त्याच्यावरच असतं. मी घरात काही परस्पर ठरवू लागलो की सौ. पातेलं उचलते आणि चाक माझ्यापुढे सरकवते.