वन्संच्या खोलीतली शांतता

माणसांकडे न बघणारं माणूस आमच्या वन्संइतकं अख्ख्या म्हैसुरात दुसरं नसेल. माझ्या या नणंदबाई तेव्हा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि त्यांचा सगळा जीव न्यूट्रिनो नावाच्या कणावर. हा कण भिंतीतून, डोंगरातून, आपल्या अंगातूनही जातो आणि कुणाला कळत नाही. मीही घरात तशीच वावरते, पण माझ्यामागे कुणी लागलं नाही. इतर शास्त्रज्ञ त्या कणासाठी डोंगराखाली पाण्याच्या मोठाल्या टाक्या बांधतात म्हणे. वन्संची रीत नवी. अंगठ्याएवढा स्फटिक बर्फाहून कितीतरी गार ठेवायचा. न्यूट्रिनोचा धक्का लागला की तो किंचित तापतो, तेवढंच मोजायचं. पण शेजारून कुणी चाललं तरी तो तापतो. म्हणून त्याला हादरा न पोचणारं टांगणं एका सुटीत अग्रहारातल्या आमच्या घरी तयार होत होतं. स्प्रिंगांना स्फटिकाऐवजी वजन, वजनाला आरशाचा तुकडा, त्यावर उजेड आणि समोरच्या भिंतीवर ठिपका. ठिपका हलला की घरातलं कुणीतरी गुन्हेगार.

पुढच्या खोलीत ह्यांचं शिलाईचं दुकान. माझं डोकं ठणकत असताना ते मशीन कधी थांबलं नाही. वन्संच्या ठिपक्यासाठी रोज दुपारी थांबायचं. गिऱ्हाइकाला हे कुजबुजत सांगत, "स्वल्प हळू बोला, आत न्यूट्रिनोचं काम चाललंय." एका बाईंनी विचारलं, "बाळंतीण का?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. सारात मीठ पडलं नाही तरी वन्संना कळत नसे, ठिपका केसभर सरकला की मात्र जेवण जात नसे.

एकदा मी कॉफी ठेवून वळले, तर म्हणाल्या, "वहिनी, थांब. जरा इकडून तिकडे चाल." मी घाबरत चालले. ठिपका जागचा हलला नाही. मग त्यांनी ह्यांना बोलावलं. ह्यांच्या पहिल्याच पावलाला ठिपका भिंतभर नाचला.

"दादा, तू बाहेरच बस. भिंतीवर खुणा वहिनी करेल."

"तिला काय जमणार?"

"गप्प बसणं जमतं. तुला जमतं का?"

मग सुटी संपेपर्यंत दुपारी मी आत. मशीन बंद, बोलणं नाही, दोघी भिंतीकडे बघत. तेवढी सोबत मला कुणी दिली नव्हती.

आता वन्सं परदेशात, खऱ्या स्फटिकापाशी. परवा फोनवर म्हणाल्या, "वहिनी, इथं एक मुलगी आलीय. अगदी तुझ्यासारखी हळू चालते."

बरं झालं, मी म्हणाले. तिचं नाव मात्र विचारलं नाही.