पाटोळेकाकांची खुर्ची

शेखर पाटोळे यांना देवानं सगळं दिलं होतं. मारुंजीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, पिंपरीच्या कारखान्यातून मानानं निवृत्ती आणि गौतमीकाकूंसारखी सोशिक बायको. फक्त एक गरीब तेवढा दिला नव्हता. आम्ही चर्चमधल्या काही जणांनी सेवामंडळ काढलं, तेव्हा काकांना ही उणीव फार जाणवली. गरजवंताच्या घरी दोघादोघांनी जायचं, त्याच्याजवळ बसायचं, प्रभू तिथंच भेटतो, अशी आमची साधना. आणि काकांच्या सोसायटीत गरिबाला वॉचमन फाटकावरूनच परत पाठवतो.

शेवटी रिहे गावात टेकडीखाली गरीब सापडले. धुळाजी आणि राजाबाई, साठी ओलांडलेलं धनगर जोडपं. पत्र्याचं घर, शेजारी शेळ्यांचा गोठा. आपण गरीब आहोत हे त्यांना आमच्याकडूनच कळलं असावं, पण त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही.

काका मंडळाचे अध्यक्ष, त्यामुळे नियम त्यांचे. पहिला नियम, गरिबाला काय हवं ते कधी विचारायचं नाही. "गरीब माणूस भिडस्त असतो," ते आम्हाला बजावायचे. "विचारलं की संकोचतो. आपण प्रार्थनेतून ओळखायचं." काकांना प्रार्थनेतून दर रविवारी एकच गोष्ट ओळखू यायची, ती म्हणजे डझनभर केळी. दुसरा नियम, उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू द्यायचं नाही. हा नियम पाळणं काकांना जड जायचं, कारण डाव्या हातात मोबाईल असायचा.

तीन वर्षं मी त्यांच्या जोडीला जात होतो. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून आम्ही रिह्यात पोचायचो तेव्हा ऊन चढू लागलेलं असायचं. काका गाडीतून उतरले की धुळाजी घरातली एकुलती एक प्लास्टिकची खुर्ची आणायचे. काका ती स्वतः उचलून सावलीत मांडायचे, बरोबर गोठ्याच्या दाराला टेकवून. मग डोळे मिटायचे. आधी मौन, मग प्रार्थना, मग सहनशीलतेवर चार शब्द. आत शेळ्या दाराला धडका मारत ओरडायच्या.

"बघ," काका एक डोळा उघडून मला म्हणायचे, "मुक्या जनावरांनासुद्धा प्रार्थना कळते."

धुळाजी समोर उकिडवे बसून दाराकडे बघत राहायचे. राजाबाई चहा आणायच्या आणि कप जरा जोरातच आदळायच्या. काका म्हणायचे, कष्टाचे हात आहेत, असायचेच राकट.

मग काका पार्किंगमध्ये घसरून पडले आणि डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. डॉक्टरांनी सांगितलं, एकट्यानं उठायचं नाही. आता मंडळानं कुणाकडे जायचं हा प्रश्नच उरला नाही. रविवारी मी आणि मेधा काकांच्या घरी हजर झालो. मेधा हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करते, पण तिची खरी ओळख म्हणजे काकांची सगळ्यात तयार शिष्या.

"बरं झालं आलात," गौतमीकाकू म्हणाल्या. "तुम्ही आहात तोवर मी मेडिकलमध्ये जाऊन येते." त्या गेल्या.

मेधानं केळी उशाशी ठेवली. काकांनी केळ्यांकडे पाहिलं, मग बाथरूमच्या दाराकडे.

"मेधा, जरा..."

"बोलू नका काका. शांत पडा. डोळे मिटा."

तिनं जपमाळ सुरू केली. काकांच्या तालमीत वाढलेली पोरगी, कुठं घाई नाही. जपमाळेत पाच रहस्यं, म्हणजे पाच टप्पे. पहिलं झालं, दुसरं झालं. काकांच्या कपाळावर घाम आला. एकदा त्यांनी हात वर केला. मेधानं तो हातात घेऊन प्रेमानं दाबला. माझ्याकडे बघून ती पुटपुटली, "किती भरून आलंय त्यांना." ते खरंच होतं, फक्त भलतीकडे.

काका पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होते. ती नजर मी कुठंतरी पाहिली होती, कुठं ते आठवेना. मला त्यांची दया येत होती आणि हसूही येत होतं. मी काही विचारलं मात्र नाही, नियम म्हणजे नियम.

तिसऱ्या रहस्याला अध्यक्षांचा धीर सुटला.

"अगं, मला लघवीला जायचंय! विचारा की रे कुणीतरी!"

मेधा लाल होऊन गॅलरीत पळाली. मी काकांना आधार देऊन कसंबसं आत नेलं. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. मग आतूनच हळू आवाजात म्हणाले, "धुळाजीबाबा अस्सेच बघतात रे. दाराकडे."

मला नजर आठवली.

त्या दिवसापासून काकांची झोप उडाली. धुळाजींना काय हवं असेल? डोळ्यांचं ऑपरेशन? गळके पत्रे? की आपल्याला सांगता येणार नाही असं काही मोठं दुःख? "तीन वर्षं तो माणूस माझ्यासमोर अडकून बसलाय," ते म्हणायचे आणि त्यांचे डोळे भरायचे.

"मग विचारायला काय धाड भरली होती?" गौतमीकाकूंनी विचारलं.

प्लास्टर निघालं, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी काठी टेकत काका रिह्याला आले. केळी आणली नव्हती. मोबाईल गाडीत ठेवला. धुळाजींनी खुर्ची आणली आणि काका सवयीनं ती गोठ्याच्या दाराला टेकवून बसले. आत शेळ्यांनी धडका सुरू केल्या.

"धुळाजीबाबा," काका म्हणाले, "मी आजवर विचारलं नाही, माझं चुकलं. तुम्हाला काय हवंय? पत्रे, औषधपाणी, काहीही सांगा. संकोच करू नका."

धुळाजींनी राजाबाईंकडे पाहिलं.

"इचारत्यात तर सांगा की," राजाबाई म्हणाल्या. "किती दिस गप ऱ्हायाचं?"

"राग न्हाई ना यायचा, सायेब?"

"छे! बोला."

"मग वाईच उठा. शेरडं सोडायचीत."

काका उठले. मी खुर्ची बाजूला घेतली. धुळाजींनी दार ओढलं आणि शेळ्या एकमेकींच्या अंगावरून उड्या मारत बाहेर पडल्या. धुळाजी काठी घेऊन त्यांच्यामागे चालू लागले.

"एवढंच होतं, तर तीन वर्षं बोलला का नाहीत?" काकांनी मागून विचारलं.

"दारी आल्याल्या मान्साला ऊठ कसं म्हनायचं?" धुळाजी म्हणाले आणि टेकडीला लागले.

काकांनी राजाबाईंकडे पाहिलं.

"त्यात तुमी डोळं मिटून बसायचा," राजाबाई खराटा उचलत म्हणाल्या. "आमी आपसात म्हनायचो, बिचाऱ्याला घरी कुनी निवांत बसू देत नसंल. बसू द्या हितं घटकाभर. शेरडं काय, उशिरानं चरतील."

मी खुर्ची पुढे केली. काका बसले नाहीत. शेवटची शेळी टेकडीआड जाईपर्यंत ते काठीवर भार देऊन उभेच होते.