नाव सांग

आमच्या चौलच्या पाखाडीत कोकिळाताई घरी बसून प्रोग्रॅम लिहितात, हे लोकांना कळायला बरीच वर्षं लागली. नवरा देवदत्त मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, सुपारीची वाडी बघणारे. बाई दिवसभर ओटीवर लॅपटॉप घेऊन. काम सांगितलं की दोन दिवस नाही म्हणायच्या, तिसऱ्या दिवशी करायला घ्यायच्या.

मुरुडच्या बाजूच्या एका मच्छीमार सोसायटीचं काम असंच आलं. सेक्रेटरी नामा म्हणाले, "ताई, होडी बंदराला लागली का भोंग्यावर तिचं नाव पुकारलं पायजे. ऑफिसात पन, फोनवर पन. बायांना मासळीच्या पाट्या घेऊन यायला बरं."

तीन जागा, तीन भाषा. भोंग्याच्या यंत्रात सी प्लस प्लस, ऑफिसात पायथन, फोनमध्ये जावा. तिन्हीकडे ताईंनी पाया एकच ठेवला: ‘होडी’ नावाचा ॲब्स्ट्रॅक्ट क्लास, म्हणजे नुसता साचा. ही होडी स्वतः कधी तयार व्हायची नाही. तिच्यात ‘नाव सांग’ असं एक काम लिहिलेलं, पण ते कसं करायचं ती जागा कोरी. ट्रॉलर असो की लहान होडी, तिच्या क्लासने या होडीचा वारसा घ्यायचा आणि कोरी जागा भरायची.

घाईत एक चूक झाली. पाया घडत असतानाच ताईंनी ‘नाव सांग’ अशी हाक टाकली होती. वारस तेव्हा पुरता तयारही झालेला नसतो. सी प्लस प्लसने ते खपवून घेतलं नाही. कोऱ्या कामाला हाक मारली, एवढं लिहून यंत्र बंद पडलं. पायथनमध्ये हाक वारसापर्यंत पोचली, पण त्याच्यात नावच भरलेलं नव्हतं, म्हणून तिथेही काम अडलं. ताईंना चूक कळली. तरी जावा काय करतं ते बघू, असं त्यांनी ठरवलं. तिथे वारस ओ देतो, पण रिकाम्या हाताने. फोन ‘नल’, म्हणजे ‘काही नाही’, असलं काहीतरी वाचणार.

दुपारचे तीन वाजले होते. त्यांनी सोसायटीने चाचणीसाठी दिलेल्या फोनवर बटण दाबलं.

"गोदू," फोन म्हणाला.

यादीत दीडशे होड्या होत्या. गोदू एकही नव्हती. ताईंनी सगळा प्रोग्रॅम धुंडाळला, मग पुन्हा बटण दाबलं.

"गोदू."

चोवीस वर्षांपूर्वी ताईंना मुलगी झाली होती. ती रडलीच नाही. सातव्या महिन्यात पोटावर हात ठेवून त्यांनी तिचं नाव ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, मास्तरांनाही नाही.

चूक दोन ओळींत सुधारता आली असती. ताईंनी सुधारली नाही. रोज तीन वाजता ओटीवर बसायच्या आणि बटण दाबायच्या. चौथ्या दिवशी नामा काम बघायला आले. त्यांनीही ऐकलं.

"ही कोनाची होडी? आमच्याकडं अशी न्हाय."

"चूक आहे ती. काढते," ताई म्हणाल्या.

पाचव्या दिवशी त्यांनी फोन नुसता समोर ठेवला. बटणाकडे हात जायच्या आधीच तो बोलला. एकदा, आणि मग जरा थांबून, परत एकदा. कुणी वाट बघून पुन्हा विचारावं तसं.

ताईंनी लॅपटॉप उघडला. आधी वारस पुरता घडू दे, त्याचं नाव भरू दे, मगच हाक जाऊ दे, असं तिन्ही भाषांत लिहिलं. बटण दाबलं. फोनने यादीतल्या पहिल्या होडीचं नाव नीट वाचलं.

मास्तर पडवीत सुपारी सोलत होते. ताई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या.

"अहो, आपल्या मुलीचं नाव मी गोदू ठेवलं होतं."

मास्तरांचे हात थांबले नाहीत. "ठाऊक आहे मला. झोपेत हाक मारतेस तू तिला."

"मग कधी बोलला नाहीत?"

"काय बोलू? चार दिवसांपासून दुपारचीही मारायला लागलीस असं वाटलं. आत येऊन बघितलं तर तू जागी."

भोंगा आता रोज वाजतो. नामांनी चाचणीचा तो फोन दोनदा मागितला, सोसायटीचाच आहे म्हणून. ताईंनी त्यांना बाजारातून नवा आणून दिला.