सूज उतरवणाऱ्या पाल्याच्या शोधात

आमच्या पनवेलच्या लॅबमध्ये निष्कर्ष कमी आणि किस्से जास्त जमतात! औषधी झाडपाल्यात सूज उतरवणारं द्रव्य शोधायचं, हा माझा पीएचडीचा विषय. यंदा एकही सापडलं नाही तर विषय बंद, असं गाईड मॅडमनी बजावलेलं. माझी झोप उडाली होती, किस्से मात्र जोरात चालू होते.

एक टेस्ट अंड्याच्या पांढऱ्यावर करतात. अर्क घालून तापवलं की पांढरं जितकं कमी गोठेल, तितका अर्क सुजेवर गुणकारी. उरलेले बलक लॅबमधली सबा डब्यात भरून घरी न्यायची. अंड्यांची बिलं बघून अकाउंट्सचे साहेब म्हणाले, "रिसर्च करताय की बुर्जीची गाडी टाकलीय?"

सबा म्हणाली, "सर, गाडीवर निदान रिझल्ट तरी लगेच मिळतो!"

दुसऱ्या टेस्टला ताजं रक्त लागतं, आणि देणाऱ्यानं दोन आठवडे पेनकिलर घेतलेली चालत नाही. अख्ख्या कॉलेजात असा माणूस मिळेना! कुणाची पाठ, कुणाची मान. शेवटी वॉचमनकाका सापडले. "आपल्याला कदी गोळी लागली नाय," म्हणत त्यांनी ऐटीत बाही वर केली, सुई बघितली आणि धाडकन आडवे! कपाळाला हे एवढं टेंगूळ. ठणका थांबेना म्हणून डॉक्टरांनी पेनकिलर दिली. काका बाद!

नेऱ्याला एका फार्महाऊसच्या कुंपणाला निर्गुडी मस्त फोफावलेली. खारघरला राहणाऱ्या त्याच्या मालकांनी विचारलं, "पाला कशाला हवाय?" मी मूर्खासारखी खरं सांगून बसले. पुढच्या आठवड्यात बघते तर कुंपणाला नुसत्या काड्या! मालकांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं. वर मलाच विचारतात, "जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

आणि मग कोन गावचे बुवा. ते सांधेदुखीला निर्गुडीचं चूर्ण देतात. माझं पीएचडीचं रडगाणं ऐकून त्यांनी एक डबी हातावर ठेवली. टेस्ट लावली आणि काय सांगू, आजवरचे सगळे पाले मागे पडले! मी सबाच्या गळ्यात पडून चक्क रडले. मॅडमनी पेढे मागवले.

मग चूर्णातलं द्रव्य वेगळं करून, तुलनेला ठेवलेल्या पेनकिलरच्या शेजारी प्लेटवर चालवलं. दोन्ही ठिपके एकाच उंचीवर, म्हणजे द्रव्य एकच! मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आमचं द्रव्य म्हणजे मेडिकलमध्ये मिळते तीच गोळी, कुटून घातलेली.

मी तणतणत कोन गाठलं. "बुवा, पाल्यात गोळी कशाला घालता?"

बुवांनी शांतपणे दुसऱ्या डबीला झाकण लावलं.

"अगो पोरी, नुसत्या पाल्यानं सूज उतरली असती, तर तुजी पीएचडी कवाच झाली असती नाय?"