हातांशी बोलणाऱ्या अक्का

आमच्या देवपुरातल्या अक्का स्वतःच्या हातांशी बोलायच्या. "डावा, धर. उजवा, फिर. आता दोन्ही वर," असं पुटपुटत त्या पुरणाचा मांडा हातांवर झेलत मोठा करायच्या आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद पसरायच्या. गल्लीतल्या लग्नांत मांडे त्यांचेच. बायका पदराआड हसायच्या, "अक्का थोड्या येड्याच शेतस," म्हणायच्या; मांडा मात्र दोनदा मागून घ्यायच्या.

मी त्यांच्या शेजारची धांदरट पोर. धांदरट हा घरातला शब्द. शाळेतले याहून वाईट होते. पाण्याचा पेला हातात आला की सांडायचा, कवायतीत सगळ्यांचा उजवा पाय पुढे असला की माझा डावा. लक्ष फळ्यावरून खिडकीत आणि खिडकीतून रस्त्यावरच्या टांग्यात. आता याला नावं आहेत, डॉक्टर आहेत. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे एकच औषध होतं, धपाटा. चौथीच्या सहामाहीत माझा एकही पेपर पुरा लिहून झाला नाही. बाईंनी वडिलांना बोलावून सांगितलं, "वार्षिकलाही असंच झालं तर पुन्हा चौथीतच बसवू."

त्या संध्याकाळी मी अक्कांच्या ओट्यावर रडत बसले होते. त्यांनी पाटी पुढे सरकवली. "तुना हात येडा नई शे. त्याले कोनी सांगेल नई शे. आधी सांग, मंग कर."

मग रोज शाळा सुटल्यावर तेच. 'क' काढायचा तर आधी तोंडाने म्हणायचं: पोट, दांडी, शेपूट, डोक्यावर रेघ. मधूनच त्या कणकेचा गोळा मळायला द्यायच्या आणि तो माझ्या हातून पडायचा. अक्का रागवायच्या नाहीत असं नाही, चांगल्या रागवायच्या. पण पडलेला गोळा मलाच उचलायला लावायच्या.

हे त्यांना कोणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं. "कोनी नई," म्हणाल्या. नवी नवरी असताना नणंदेच्या लग्नातलं खापर त्यांच्या हातून फुटलं होतं. सासूने अपशकून म्हणून त्यांना वर्षभर पिंपळनेरला, माहेरी बसवलं. तिथे त्या एकट्याच हातांना सांगत बसल्या. हे बोलतानाही त्यांचं मळणं चालूच होतं.

वार्षिकला मी ओठ हलवत लिहिलं. बाई दोनदा ओरडल्या. शेवटचा प्रश्न राहिलाच, पण पास झाले. अक्का म्हणाल्या, "राह्यना तं राह्यना."

लग्न होऊन मी जळगावला गेले आणि दोन वर्षांनी अक्का गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं, त्याचं वाईट अजून वाटतं. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले तेव्हा त्यांच्या सुनेने त्यांच्या नावाची घागर भरली होती. नैवेद्याच्या मांड्यांसाठी ती माळ्यावरून खापर काढत होती. "धर गं," ती वरून म्हणाली.

माझी आईच मागून ओरडली, "तिच्या हाती नको!"

मी मोठ्याने म्हटलं, "डावा, खाली. उजवा, धर."

खापर चुलीवर पालथं घातलं. मग हात सोडून दिले आणि रडले.